जहाज बांधले जाताना : बेलफास्टच्या जुन्या छायाचित्रांची साक्ष

पूर्ण झालेले जहाज आपली घडण झाकून ठेवते. रंगाखाली पत्र्यांचे सांधे बुजून जातात, तक्तपोशीखाली तुळया लपतात आणि जहाज एकदा पाण्यात उतरले की त्याचा निम्मा भार उचलणारा तळ दृष्टीस पडेनासा होतो. प्रवाशाला दिसतात त्या खोल्या, जिने आणि धुरांडी. जहाज समुद्राच्या माऱ्यापुढे कशाच्या बळावर टिकते, हे पाहावयाचे असेल तर ते बांधले जात असतानाच पाहावे लागते.

ही संधी फार थोड्या लोकांना मिळते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी, हारलँड अँड वुल्फ या कारखान्यात, तीन प्रचंड उतारू जहाजे एकामागून एक बांधली गेली आणि त्यांच्या बांधणीची छायाचित्रे पद्धतशीरपणे घेतली गेली. ‘ऑलिंपिक’, ‘टायटॅनिक’ आणि ‘ब्रिटॅनिक’ ही ती तीन जहाजे. यांपैकी दुसरे जहाज १५ एप्रिल १९१२ रोजी पहाटे उत्तर अटलांटिक महासागरात बुडाले व सुमारे १,५०० माणसे प्राणास मुकली. तेव्हापासून या छायाचित्रांना कारखान्याच्या नोंदीपलीकडचे महत्त्व प्राप्त झाले. ते जहाज कसे बांधले होते, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे अभ्यासक आजही त्यांच्याकडे वळतात.

साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याला नेमके काय विचारावे, हे ठाऊक असावे लागते. छायाचित्राचेही तसेच आहे. या चित्रांतून काय कळते, काय कळत नाही आणि कोठे फसगत होते, हे आपण या पुस्तिकेत क्रमाने पाहू.

छायाचित्रकार आणि त्याच्या काचा

यांतील बरीच छायाचित्रे रॉबर्ट जॉन वेल्च (१८५९-१९३६) यांनी घेतली. वेल्च यांना आयर्लंडचे खडक, वनस्पती आणि शंखशिंपले यांचा मोठा व्यासंग होता, आणि हारलँड अँड वुल्फचे ते अधिकृत छायाचित्रकार होते. निसर्ग न्याहाळणाऱ्या माणसाची शिस्त त्यांच्या कामात दिसते. देखाव्याला नटविण्यापेक्षा वस्तू स्पष्ट दाखविण्याकडे त्यांचा कल होता. कारखान्याची हजारो छायाचित्रे आज उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

त्या काळी छायाचित्र फिल्मवर न घेता बहुधा काचेवर घेत. चांदीच्या क्षारांचा प्रकाशग्राही लेप दिलेली मोठी काच कॅमेऱ्यात बसवीत, आणि कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट उभा करीत. काच मोठी असल्याने तपशील विलक्षण बारकाईने उमटे. म्हणूनच अशा चित्राचा एखादा कोपरा वाढवून पाहिला, तर दूरच्या शिडीवरील माणूसही ओळखू येतो.

या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. पहिली अशी की प्रकाश कमी असला म्हणजे काच काही काळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला वा मुळीच उमटला नाही. गजबजलेला कारखाना काही चित्रांत ओस पडल्यासारखा दिसतो, त्याचे हे एक कारण होय. जी माणसे स्पष्ट दिसतात, ती बहुधा छायाचित्रासाठी स्तब्ध उभी राहिलेली असतात. दुसरी मर्यादा रंगांची. त्या काळच्या नेहमीच्या काचांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होत नसे. त्यामुळे तांबडा किंवा तपकिरी रंग छायाचित्रात काळा दिसे. जहाजाचा एखादा भाग चित्रात काळा आहे, एवढ्यावरून तो खरोखरच काळा होता असे म्हणता येत नाही.

ही अडचण कारखान्याच्या चालकांना ठाऊक होती. २० ऑक्टोबर १९१० रोजी ‘ऑलिंपिक’ पाण्यात सोडण्यात आले, तेव्हा छायाचित्रे उठावदार यावीत म्हणून त्याला मुद्दाम फिकट रंग दिला होता. जलावतरणानंतर त्यावर नेहमीचा काळा रंग चढला. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पोलादी मांडव

या छायाचित्रांत प्रथम डोळ्यांत भरते ते जहाज नव्हे, तर त्याभोवतीचा पोलादी मांडव. प्रत्येक जहाज सुमारे ८८३ फूट, म्हणजे २६९ मीटर लांब आणि साडेब्याण्णव फूट रुंद होते. एवढे जहाज मावेल अशी जागा कारखान्यात नव्हती. म्हणून तीन जुन्या जागा एकत्र करून त्यांच्या दोन करण्यात आल्या. स्कॉटलंडमधील फोर्थ नदीमुखावरील प्रसिद्ध रेल्वेपूल बांधणाऱ्या विल्यम ॲरॉल यांच्या कंपनीने या दोन्ही जागांवर मिळून एक प्रचंड गॅन्ट्री उभारली. ती सुमारे ८४० फूट लांब, २७० फूट रुंद आणि वरच्या क्रेनपर्यंत २२८ फूट उंच होती. तिच्या माथ्यावरून क्रेन सरकत आणि पत्रे, तुळया व यंत्रे पाहिजे त्या जागी उतरवीत.

या मांडवाखाली ‘ऑलिंपिक’ आणि ‘टायटॅनिक’ शेजारी शेजारी वाढली. ‘ऑलिंपिक’चा कणा १६ डिसेंबर १९०८ रोजी आणि ‘टायटॅनिक’चा ३१ मार्च १९०९ रोजी बसविला गेला. या साडेतीन महिन्यांच्या अंतरामुळे एकाच चित्रात बांधणीच्या दोन अवस्था पाहावयास मिळतात. एका बाजूचे जहाज पत्र्यांनी मढलेले असते, तर दुसरीकडे नुसत्या फासळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात.

कण्यापासून पत्र्यापर्यंत

ही चित्रे क्रमाने लावली म्हणजे बांधणीची रीत उलगडत जाते. सर्वांत आधी लाकडी ठोकळ्यांच्या लांबलचक रांगेवर जहाजाचा कणा मांडला जाई. त्यावर दुहेरी तळ उभारीत. बाहेरचा तळ आणि आतला तळ यांमध्ये पाच फुटांहून अधिक अंतर असून त्यात उभ्याआडव्या पट्ट्यांनी असंख्य खण पाडलेले असत. या अवस्थेतील चित्र मधमाशीच्या पोळ्याची आठवण करून देते. तळाचा बाहेरचा पत्रा फाटला तरी आतला तळ पाणी अडवील, हा त्यामागील हेतू.

तळानंतर फासळ्या उभ्या राहत. जहाजाच्या मध्यभागी त्या तीन-तीन फुटांवर होत्या. टोकांकडे त्या अधिक जवळ घेतल्या होत्या, कारण लाटांचे तडाखे तेथे जास्त बसतात. फासळ्यांच्या मधून १५ आडभिंती उभारून जहाजाचे १६ कप्पे पाडले होते. एका कप्प्यात पाणी शिरले तरी ते शेजारच्या कप्प्यात जाऊ नये, ही त्यांची योजना. पण या भिंती अगदी वरच्या तक्तपोशीपर्यंत नेलेल्या नव्हत्या. अनेक कप्पे भरून जहाजाचे पुढचे टोक खाली गेले, तर पाणी भिंतीच्या माथ्यावरून मागच्या कप्प्यात ओसंडणार हे उघड होते, आणि १९१२ साली नेमके तसेच घडले. त्या अपघातानंतर ‘ऑलिंपिक’ पुन्हा कारखान्यात आणून त्याच्या काही आडभिंती उंच करण्यात आल्या आणि बाजूंना आतून दुसरे कवच बसविण्यात आले.

शेवटी फासळ्यांवर पोलादी पत्रे चढत. पत्रा सुमारे एक इंच जाडीचा, पुष्कळदा सहा फूट रुंद व तीस फूट लांब आणि अडीच ते तीन टन वजनाचा असे. असे शेकडो पत्रे एकमेकांवर कडा ठेवून जोडावयाचे होते.

तीस लाख रिवेट

हे पत्रे जोडले होते रिवेटांनी. आज जहाजाचे पत्रे वितळजोडाने, म्हणजे वेल्डिंगने सांधतात. त्या काळी पत्र्यांना भोके पाडून त्यांत तापविलेली पोलादी किंवा लोखंडी खुंटी घालीत आणि तिचे मोकळे टोक ठोकून पसरट करीत. रिवेट निवताना आखडतो आणि दोन्ही पत्र्यांना एकमेकांवर आवळून धरतो. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितो, आणि पाणी ओतताच ती आखडून चाक घट्ट कवटाळते. येथे काम करणारा नियम तोच आहे. तापले की पसरणे आणि निवले की आकुंचन पावणे, या धातूच्या गुणावर सगळे जहाज उभे होते. अशा एका जहाजात सुमारे तीस लाख रिवेट लागले.

काही चित्रांत क्रेनला टांगलेले, घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक अवजड यंत्र दिसते. ते पाण्याच्या दाबावर चालणारे रिवेटयंत्र होय. त्याच्या दोन जबड्यांत पत्रे धरून रिवेट एकाच दाबात बसविला जाई, आणि सर्व रिवेट सारखे बसत. परंतु हे यंत्र जहाजाच्या सपाट, मधल्या भागातच नीट पोहोचे. पुढच्या व मागच्या टोकांकडे, जेथे पत्रे वळतात, तेथे हातानेच काम करावे लागे.

हातकामाला पाच जणांची टोळी लागे. एक मुलगा भात्यावर रिवेट लाल होईपर्यंत तापवी, दुसरा तो जागेवर पोहोचवी, तिसरा आतून त्याचे डोके जड हातोड्याने दाबून धरी, आणि बाहेरून दोघे जण आळीपाळीने घाव घालीत. त्या दोघांतील एक डावरा असला तर काम अधिक सुकर होई. मजुरी रिवेटांच्या संख्येवर ठरे. दिवसभराच्या या ठोकाठोकीने कित्येकांना पुढे ऐकू येईनासे होई. छायाचित्रात आवाज उमटत नाही, त्यामुळे त्या शांत, रेखीव चित्रांत कानठळ्या बसविणारा तो गोंगाट वाचकाने आपल्या मनाने भरून घ्यावा लागतो.

‘टायटॅनिक’च्या बांधणीत आठ कामगार मृत्यू पावले. त्यांतील एक रिवेट पोहोचविणारा पंधरा वर्षांचा मुलगा होता. १९१० च्या एप्रिलमध्ये तो पडून मेला. उंच चित्रांतील अरुंद फळ्या, कठडा नसलेल्या शिड्या आणि डोक्याला साधी कापडी टोपी घातलेली माणसे पाहिली, म्हणजे या संख्येचा अर्थ कळतो.

जलावतरण

३१ मे १९११ रोजी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ‘टायटॅनिक’ पाण्यात सोडण्यात आले. उताराच्या लाकडी मार्गावर चरबी, साबण आणि तेल मिळून सुमारे २२ टन वंगण पसरले होते. अडसर काढताच जहाज आपल्याच भाराने घसरू लागले आणि ६२ सेकंदांत पाण्यावर तरंगू लागले. नदी अरुंद असल्याने त्याला थांबविण्यासाठी नांगर आणि जड साखळ्या आधीच बांधून ठेवल्या होत्या. आधाराची लाकडे काढताना जखमी झालेला एक कामगार पुढे दगावला.

त्या दिवशीच्या चित्रांत जहाजाला एकही धुरांडे नाही. यात आश्चर्य नाही. पाण्यात सोडलेले जहाज हे एक पोकळ कवच असते आणि ते शक्य तितके हलके ठेवलेले असते. बाष्पके, एंजिने, धुरांडी आणि आतील सजावट हे सारे नंतर धक्क्याला लावून, २०० टन उचलणाऱ्या तरंगत्या क्रेनच्या साहाय्याने बसविले गेले. या कामाला आणखी दहा महिने लागले. चार धुरांड्यांसह जहाज उतारावरून घसरत आहे असे चित्र कोठे दिसले, तर ते कल्पनेने काढलेले आहे असे निःशंक समजावे.

चित्र कोणत्या जहाजाचे?

आता आपण अधिक नाजूक प्रश्नाकडे येतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या वृत्तपत्रांना ‘टायटॅनिक’ची छायाचित्रे तातडीने हवी होती. परंतु त्या जहाजाची छायाचित्रे थोडी होती. ‘ऑलिंपिक’ हे पहिले, म्हणून कॅमेऱ्याचे सर्वाधिक लक्ष त्याच्याकडे गेले होते. दुसरे जहाज दिसायला जवळजवळ तसेच असल्याने त्याची पुन्हा इतकी चित्रे घेण्याची निकड कोणाला वाटली नव्हती. परिणामी ‘ऑलिंपिक’ची चित्रे ‘टायटॅनिक’ या नावाने छापली गेली. पोस्टकार्डांवर, पुस्तकांत आणि नंतर चित्रपटांत हीच चूक पुढे चालत आली. प्रसिद्ध भव्य जिन्याची जी छायाचित्रे आपण पाहतो, तीही ‘ऑलिंपिक’च्या जिन्याची आहेत.

जहाज ओळखावे कसे? त्यासाठी तारखा आणि खुणा यांची जुळणी करावी लागते. जलावतरणाच्या चित्रात जहाज फिकट रंगाचे असेल, तर ते ‘ऑलिंपिक’ होय. मांडवाखाली दोन जहाजे असून एक पत्र्यांनी मढलेले आणि दुसरे फासळ्यांच्या अवस्थेत असेल, तर मढलेले जहाज ‘ऑलिंपिक’ होय. पूर्ण झालेल्या जहाजाच्या वरच्या फिरण्याच्या सज्जाचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद असेल तर ते ‘टायटॅनिक’, आणि सज्जा टोकापासून टोकापर्यंत उघडा असेल तर ते ‘ऑलिंपिक’. मांडवाखाली एकच जहाज दिसले तर मात्र सावध राहावे. २० ऑक्टोबर १९१० ते ३१ मे १९११ या काळात तेथे ‘टायटॅनिक’ एकटे होते हे खरे, पण ‘ब्रिटॅनिक’चा कणाही त्याच मांडवाखाली ३० नोव्हेंबर १९११ रोजी बसविला गेला आणि ते जहाज २६ फेब्रुवारी १९१४ पर्यंत तेथे होते.

चित्राखाली लिहिलेले नाव पुरावा म्हणून धरता येत नाही. कॅमेऱ्यासमोर जे होते ते काचेवर उमटले. नाव मात्र नंतर कोणी माणसाने लिहिले, आणि माणसाची चूक होऊ शकते.

पंख्याची पाती

या चुकीचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. जहाजाच्या मागे तीन प्रचंड पंखे बसविलेले आहेत आणि त्यांच्या खाली उभे असलेले कामगार मुंगीएवढे दिसत आहेत, असे एक छायाचित्र सर्वत्र परिचित आहे. ते पुष्कळदा ‘टायटॅनिक’चे म्हणून छापले जाते. वस्तुतः ते सुक्या गोदीतील ‘ऑलिंपिक’चे आहे. त्यात बाजूच्या दोन पंख्यांना तीन-तीन पाती आणि मधल्याला चार पाती आहेत. ‘टायटॅनिक’चे पंखे बसविल्यानंतरचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. जहाजे जुळी म्हणून त्याच्याही मधल्या पंख्याला चार पाती असणार, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले आणि त्याप्रमाणे नकाशे व प्रतिकृती तयार झाल्या.

पुढे एकविसाव्या शतकात कारखान्याच्या जुन्या टिपणवहीतील एक नोंद पुढे आली. तिच्यात ‘टायटॅनिक’चा मधला पंखा तीन पात्यांचा नोंदविला आहे. १ सप्टेंबर १९८५ रोजी जहाजाचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले. परंतु मधला पंखा समुद्रतळाच्या गाळात रुतलेला असल्याने डोळ्यांनी खात्री करता आलेली नाही. एका चुकीच्या नावामुळे एक अनुमान वस्तुस्थिती म्हणून रूढ झाले, आणि एका साध्या वहीने ते शंकास्पद ठरविले.

छायाचित्र कोठे थांबते

छायाचित्र वस्तूचा पृष्ठभाग दाखविते. वस्तूच्या अंतरंगाविषयी ते मूक असते. रिवेट किती आणि कोठे होते हे चित्रात दिसते, पण त्यांचे लोखंड कसे होते हे दिसत नाही. अवशेषांतून वर आणलेल्या रिवेटांची परीक्षा धातुशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात केली. जहाजाच्या मधल्या भागातील यंत्राने बसविलेले रिवेट पोलादाचे होते. टोकांकडील हाताने ठोकलेले रिवेट घडीव लोखंडाचे होते, आणि तपासलेल्या काही रिवेटांत किट्टाचे, म्हणजे धातूतील काचेसारख्या मळीचे, प्रमाण जास्त आढळले. अशा रिवेटाचे डोके ताण पडताच तुटण्याचा संभव अधिक. हिमनगाचा घाव जहाजाच्या पुढील भागावर बसला होता. १९९६ साली ध्वनिलहरींनी केलेल्या पाहणीत तेथे एक मोठे भगदाड न आढळता सहा अरुंद चिरा आढळल्या. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे बारा चौरस फूट भरते. कारखान्याचे नौकारचनाकार एडवर्ड वाइल्डिंग यांनी १९१२ च्या चौकशीत पाणी शिरण्याच्या वेगावरून गणित करून हाच अंदाज सांगितला होता.

म्हणून जहाज रिवेटांमुळेच बुडाले असा निष्कर्ष काढावा काय? तसे करणे उतावीळपणाचे होईल. ‘ऑलिंपिक’ त्याच कारखान्यात, त्याच पद्धतीने बांधले गेले आणि १९३५ पर्यंत समुद्रावर चालले. रिवेटांमुळे पाणी किती लवकर शिरले हा वादाचा प्रश्न आहे. वेगाने जाणारे जहाज हिमनगावर आदळले, हा वादाचा प्रश्न नाही.

छायाचित्रे आणखी एका बाबतीत मूक आहेत. १९११ च्या मे महिन्यातील एका चित्रात कारखाना सुटल्यावर रस्त्याने शेकडो कामगार घरी निघालेले दिसतात. मागे मांडवाखाली ‘टायटॅनिक’ उभे आहे. जहाजाचे वजन, लांबी आणि किंमत शेकडो पुस्तकांत नोंदलेली आहे. रस्त्यावरील त्या माणसांची नावे मात्र चित्राबरोबर आलेली नाहीत. त्या काळी या कारखान्यात सुमारे १५,००० लोक राबत असत.

ग्रंथालयातील एखाद्या पुस्तकात जुन्या जहाजाचे छायाचित्र आढळले, तर विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न विचारून पाहावेत. चित्र कोणी आणि कशासाठी घेतले? त्याची तारीख चित्रातीलच खुणांवरून ठरविता येते काय? खालचे नाव चित्राशी जुळते काय? आणि जे चित्रात दिसत नाही, त्यासाठी दुसरा कोणता पुरावा शोधावा लागेल, एखादी वही, धातूचा तुकडा की चौकशीचा वृत्तांत? ही सवय जडली म्हणजे नावाखाली नुसते पाहून पुढे जाण्याऐवजी चित्र वाचता येऊ लागते. बेलफास्टच्या त्या काचांवर शंभर वर्षांपूर्वी जे उमटले, ते अजूनही पूर्णपणे वाचून झालेले नाही.